निमकर मॅडमची सावड

निमकर मॅडमना कुणी कुठेही "तुमच्या औषधानं कॅन्सर बरा होतो म्हणे?" असं विचारलं, की त्या एकच शब्द बोलायच्या. "उंदरात."

हा शब्द त्यांनी लग्नाच्या पंगतीत उच्चारलेला मी ऐकलाय. वाढपी जिलबीचं ताट घेऊन समोर उभा होता, तो दचकून पायाखाली बघायला लागला. कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती येणार होती, तेव्हा प्राचार्यांनी मॅडमना आदल्या दिवशी बोलावून घेतलं आणि "जरा मोठं बोला हो, अनुदानाचा प्रश्न आहे," असं अक्षरशः हात जोडून सांगितलं. दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष प्रयोगशाळेत आले आणि कौतुकाने म्हणाले, "म्हणजे इथे मुळशी तालुक्यात बसून तुम्ही कर्करोग बरा करताय!" प्राचार्यांनी अध्यक्षांच्या पाठीमागून डोळे मोठे केले. मॅडम म्हणाल्या, "उंदरात. आणि तेही सगळ्या नाही." अनुदान मिळालं, पण थोडंच. प्राचार्य पुढे बरेच दिवस त्यांच्याशी फक्त नोटिशीतून बोलत होते.

आमचं औषधनिर्माणशास्त्राचं कॉलेज पिरंगुटहून हिंजवडीकडे जाताना घोटावड्याच्या जरा अलीकडे होतं. एका बाजूला कारखाना, दुसऱ्या बाजूला भाताची खाचरं. मी सोलापूरकडचा, नोकरी मिळाली म्हणून तिकडे जाऊन पडलो. मॅडम नाशिकच्या. दोघंही किसनतात्यांचे भाडेकरू. त्या वरच्या मजल्यावर, मी खाली गोठ्याशेजारच्या खोलीत. म्हशीच्या आणि माझ्यामध्ये एकच भिंत होती, आणि तीही विटांची एकेरी.

मॅडमना खोली कशी मिळाली, ते काकूंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, मला सांगितलं. तात्या मोठे चिकित्सक. अनोळखी बाईला, त्यातून एकटीला, खोली द्यावी की न द्यावी म्हणून त्यांनी ओसरीवर बसवून चौकशी सुरू केली. काम काय करता? मॅडम म्हणाल्या, "बुरशीच्या औषधावर काम करते."

"बुरशी? लोनच्यावर येती ती?"

"तिच्याच नात्यातली. माणसाच्या अंगावर येते ती."

हे ऐकल्यावर तात्यांनी उजवा पाय चपलेतून काढला आणि बोटं फाकवून मॅडमच्या समोर धरला. "ही का?"

लावणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात, त्यांना चिखल्या म्हणतात. त्या खोऱ्यात चिखल्या झाल्या नाहीत असा पाय त्या दिवसांत मिळत नाही. दुसरी कुणी बाई तोंड फिरवून उठून गेली असती. मॅडमनी चष्मा काढायला पर्स उघडली. पर्समधून एक कापडी पिशवी निघाली, पिशवीतून एक डबी, डबीतून मखमली पाकीट आणि पाकिटातून चष्मा. हे सगळं होईपर्यंत तात्या एका पायावर उभे होते. मग मॅडम वाकल्या, बेचक्यात बघितलं आणि माहेरचं माणूस भेटल्यासारख्या आनंदाने म्हणाल्या, "अगदी हीच!" खोली मिळाली. अनामत रकमेचा विषयही निघाला नाही.

पिशवीत पिशवी हा त्यांचा स्वभावच होता. आवरणाशिवाय कुठलीही वस्तू कुठे पाठवायची नाही. किल्ली पाकिटात, पाकीट पाउचमध्ये, पाउच पर्समध्ये. फोन वाजला की त्या थरामागून थर उलगडत जात आणि शेवटच्या थरापाशी पोचेपर्यंत फोन बंद पडलेला असे. मग त्या परत फोन करत आणि समोरच्यालाच विचारत, "काय हो, मध्येच का ठेवलात?"

आणि बारीक करण्याचा नाद. कोथिंबीर इतकी बारीक चिरत की भाजीवर ती दिसायची नाही, नुसता वास यायचा. फळ्यावरचं अक्षर तर विचारूच नका. पहिल्या बाकावर बसण्यासाठी मुलांची मारामारी होते असं कॉलेज माझ्या माहितीत ते एकच.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं, करायला महाकठीण. नायट्याला, नखाच्या बुरशीला देतात असं एक जुनं औषध आहे. कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. शास्त्रज्ञांच्या असं लक्षात आलं, की कॅन्सरची गाठ स्वतःला रक्त मिळावं म्हणून बारीक वाहिन्या वाढवते, त्यांची वाढही हेच औषध रोखतं. पण ते पाण्यात विरघळत नाही. पोटात जातं, आणि बरंचसं आलं तसं निघून जातं. डोस वाढवावा तर यकृत बोंब मारतं. मॅडम ते औषध स्निग्ध पदार्थाच्या कणांत भरायच्या. एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण शेजारी शेजारी बसतील, इतके ते कण बारीक. हे कण रक्तातून हिंडत गाठीपाशी जातात आणि तिथे औषध सोडतात. निदान उंदरात.

"नवीन औषध शोधायला जन्म जातो," त्या म्हणायच्या. "जुन्याला नवीन काम द्यावं. त्याची चालचलणूक तरी माहीत असते." हे तत्त्व त्यांनी औषधापुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण शिट्टी हरवलेल्या कुकरात त्यांनी गवती चहा लावला होता. प्रयोगशाळेतलं एक ढवळण्याचं यंत्र माझ्या बिघडलेल्या मिक्सरच्या मोटरवर चालायचं, आणि ते मला सहा महिन्यांनी कळलं. माणसांचंही तेच. ऑफिसात एक कारकून होते, बोलायला लागले की थांबायचे नाहीत. त्यांना सगळे टाळायचे. मॅडमनी त्यांना रसायनं पुरवणाऱ्या कंपन्यांना फोन करायच्या कामावर बसवलं. कंपन्या बिचाऱ्या फोन ठेवता यावा म्हणून माल पाठवायला लागल्या.

अशी सगळी गंमत चालली असताना बचत गटाच्या बायकांनी एका संध्याकाळी देवळाच्या सभागृहात मॅडमचं भाषण ठेवलं. मॅडम आधी नको म्हणाल्या. काकूंनी गळ घातली तेव्हा तयार झाल्या, आणि तयार झाल्यावर मात्र हाती घेतलेलं काम चोख करायचं म्हणून काकूंची चाळण आणि खलबत्ता घेऊन गेल्या. सगळ्यांसमोर त्यांनी मूठभर तांदूळ चाळणीत ओतले. अडले. मग तेच तांदूळ खलबत्त्यात कुटले, पीठ चाळणीत घातलं. खाली पडलं.

"बघा, जिन्नस तोच. मोठा असला की अडतो, बारीक केला की पोचतो. आम्ही नायट्याच्या औषधाचं हेच करतो, आणि ते कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवतो."

मी त्यांची खूप भाषणं ऐकली. एकाही भाषणात श्रोत्यांना काही समजल्याचं मला आठवत नाही. पण त्या दिवशी सगळं सभागृह माना डोलावत होतं. सरपंचांना तर राहवलंच नाही. ते उठले, टाळ्या वाजवायला लागले, शाल आली, नारळ आला, फोटो झाले. आणि या गडबडीत मॅडमचा एक शब्द तोंडातच राहून गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्या "उंदरात" म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझ्या पलीकडच्या गोठ्यातून सकाळी सकाळी टक टक टक असा आवाज यायला लागला. म्हैस असा आवाज काढत नाही एवढं मला माहीत होतं. काकू एकदा मॅडमकडे तक्रार घेऊन आल्या, "माजा खलबत्ता ह्यांनी पळवलाय. इचारलं तर सांगत न्हाईत. माज्या नव्या साडीचा पदर बी फाडलाय."

मॅडम खाली उतरल्या, गोठ्यात गेल्या. मी मागोमाग. तात्या वैरणीच्या आडोशाला मांडी घालून बसले होते. पुढ्यात खलबत्ता, शेजारी नायट्याच्या औषधाची रिकामी पाकिटं. ते कॅप्सूल उघडून आतले दाणे कुटत होते आणि ती भुकटी साडीच्या पदरातून वस्त्रगाळ करत होते.

"तात्या, हे काय चाललंय?"

"तुमचंच काम," तात्या म्हणाले. चोरी पकडल्याचा भाव नव्हता. उलट चांगल्या विद्यार्थ्याचा होता. त्यांनी गळ्याभोवतीचं उपरणं सोडलं. मानेच्या बाजूला आवळ्याएवढी गाठ होती. "पुन्याच्या डागदरनं तुकडा काडून तपासला. त्योच हाय म्हनला."

काकू दारातच खाली बसल्या. त्यांना हे तेव्हाच कळलं.

"कधी म्हणाला?" मॅडमनी विचारलं.

"झालं की. म्हैना व्हईल आता. सलाईन घ्याय लागंल म्हनला, केस जातील म्हनला. म्या म्हनलं, कशापायी? आपल्या घरात औशिद हाय, वरच्या मजल्यावर. चिमूटभर दुदातून घेतुया, वाईच गाठीवर लावतुया. तीन येळा चाळलंय, म्याडम, बगा तर!"

मॅडमनी खलबत्त्यावर हात आडवा धरला. "उंदरात, तात्या! उंदरात! मी त्या दिवशी सांगायची विसरले. माणसाचं अजून काही नाही!"

"आवो, मंग मानसं काय उंदरापरीस वाईट हायेत व्हय?"

 मॅडमनी आधी खलबत्ता उचलून काकूंच्या हातात दिला. मग तात्यांच्या ट्रंकेतून तपासण्यांचे कागद काढायला लावले आणि तिथेच गोठ्यात उभ्या राहून वाचले. गाठ लसिका ग्रंथींची होती. लगेच उपचार सुरू केले तर चांगला गुण येतो असा तिचा प्रकार. लगेच केले तर.

त्या दिवशी जिना चढताना त्या मधल्या पायरीवर थांबल्या आणि मला म्हणाल्या, "हा माणूस मरेल हो. बरा होणारा माणूस माझ्या चाळणीपायी मरेल." त्यांचे डोळे भरलेले मी तेव्हाच पाहिले. चष्मा पुसायचं कापड कुठल्या पाकिटात आहे ते त्यांना सापडेना, म्हणून मी माझा रुमाल दिला.

मग सुरू झाली समजावणी. मॅडमनी आकृत्या काढून दाखवल्या. यकृत म्हणजे काय ते सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. तात्या सगळं ऐकून घ्यायचे, मधूनमधून "व्हय व्हय" म्हणायचे आणि शेवटी म्हणायचे, "लावनी होऊ द्या, मंग बगू." काकू रडल्या. त्यांनाही तेच, लावणी होऊ द्या. खरं म्हणजे तात्यांना सलाईनची भीती वाटत होती आणि ती सांगायची लाज वाटत होती. हे काकूंना कळत होतं, मॅडमना कळत होतं, मलासुद्धा कळत होतं. पण त्या माणसाला तसं तोंडावर सांगायची कुणाची टाप नव्हती.

एका संध्याकाळी मॅडम काकूंच्या चुलीपाशी बराच वेळ बसल्या होत्या. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जिना उतरल्या त्या माझा रेनकोट घालून, साडी खोचून आणि पायांत नेहमीचे पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. थेट तात्यांसमोर उभ्या राहिल्या. "तात्या, आज मी तुमच्याकडे सावडीला येतेय."

सावड म्हणजे आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. मजुरी नाही, पैसा नाही, दिवसाला दिवस. लावणीला एकदम हात लागतात खूप, आणि गडी मिळत नाहीत, म्हणून त्या भागात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. सावड बुडवणाऱ्याच्या खाचरात पुढल्या वर्षी कुणी पाय ठेवत नाही. आपण किंवा आपल्या बापाने एकही दिवस बुडवलेला नाही, हे तात्या ओळख झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सांगत.

तात्या हसले. काकू गंभीरपणे म्हणाल्या, "सावडीला आलेल्या बाईला न्हाई म्हनू नये."

मॅडमची लावणी बघायला मी मुद्दाम रजा टाकली. बूट पहिल्याच पावलाला चिखलात राहिले, पाय वर आला. बायका रोपांची मूठ डाव्या हातात धरून उजव्या हाताने भराभर रोवत मागे सरत होत्या. मॅडम प्रत्येक रोप दोन बोटांत धरून, मुळं नीट बघून, इंजेक्शन द्यावं तसं खोचत होत्या. बायकांची ओळ बांधाला जाऊन पोचली तेव्हा मॅडम अजून खाचराच्या मध्यावर होत्या, आणि त्यांची ओळ भलत्याच दिशेने निघाली होती. बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. पण त्या मध्ये थांबल्या नाहीत, एवढं खरं. भाकरी खायलासुद्धा सगळ्यांच्या बरोबरच बसल्या.

संध्याकाळी हौदावर सगळ्या पाय धूत होत्या. तात्या शेजारीच उभे होते.

"तात्या, माझा एक दिवस झाला," मॅडम म्हणाल्या.

"झाला की."

"फेडाल ना?"

"आमच्यात बुडवत न्हाई कुनी. कुटं हाय तुमचं श्यात? नाशकाला?"

"पुण्यात. हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर. परवा सकाळी यायचं."

हौदावरचे हात थांबले. सगळ्या बायका तात्यांकडे बघायला लागल्या. तात्या सगळ्यांकडे बघायला लागले. 

"त्ये काय श्यात हाय व्हय?" तात्या शेवटी म्हणाले.

"माझं काम तिथेच लागतं. दुसरं शेत मला नाही."

"आवं, बोला की," काकू म्हणाल्या, "समद्यांदेखत इचारत्यात त्या."

तात्या खाचराकडे वळले. बराच वेळ मॅडमची ती ओळ बघत राहिले. मग म्हणाले, "वळ वाकडी हाय. निम्माच दिवस धरीन."

"निम्म्या दिवसात काय होतं?"

"रगात तपासून दीन. सलाईन न्हाई."

"मग उद्या परत येते," मॅडम म्हणाल्या आणि बूट शोधायला खाचराकडे गेल्या.

असे तात्या हॉस्पिटलात गेले. पण एकदा जाऊन भागणार नव्हतं, आणि दर खेपेला मॅडमना नवा दिवस द्यावा लागला. लावणी संपली तेव्हा मॅडमनी तण काढलं. तण म्हणून थोडं भातही काढलं, त्याबद्दल पाव दिवस कापला गेला. डॉक्टरांनी तात्यांना चिखलात जायला बंदी केली होती, म्हणून ते बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत टोपी घालून बसत आणि मॅडमच्या कामाचा दर ठरवत. अशक्तपणाने बोलवत नसलं तरी घासाघीस सोडली नाही. केस गेले त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मिशी गेली तेव्हा मात्र ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मिशीचा येगळा दिस लागंल." मॅडमनी निमूटपणे एक दिवस शेणखत वाहिलं.

मॅडमना स्वतःला चिखल्या झाल्या त्या पहिल्याच आठवड्यात. काकूंनी मेंदीचा पाला वाटून आणला. तात्यांना तर आनंद झाला. "लावा की आता तुमचं औशिद!" मॅडमनी पिशवीतली पिशवी उघडत ट्यूब काढली, बेचक्यांत लावली आणि म्हणाल्या, "याला मात्र लागू पडतं, तात्या. माणसात. हे याच्यासाठीच आहे."

एका खेपेला मी बरोबर होतो. तात्या खाटेवर पडले होते, सलाईन थेंब थेंब उतरत होतं. मॅडम शेजारी स्टुलावर. तात्या बाटलीकडे बघत म्हणाले, "म्याडम, ह्यात तुमचं हाय का?"

"नाही."

"मंग कुनाचं?"

"असंच कुणाचं तरी. खूप वर्षांपूर्वी कुणीतरी बसून केलेलं."

"त्ये लागू पडलं, तुमचं न्हाई, वाईट न्हाई वाटत?"

मॅडमनी नळीकडे बघितलं. "हेही आधी उंदरातच होतं, तात्या."

तात्यांनी यावर विचार केला. मग सुई नसलेल्या हाताने त्यांच्या पर्सवर थोपटलं आणि म्हणाले, "व्हईल. तुमचं बी व्हईल." मला खिडकीबाहेर बघावं लागलं. खाली पार्किंगशिवाय बघण्यासारखं काही नव्हतं, तरी मी बराच वेळ बघितलं.

भात कापणीला आलं तोवर गाठ गेली होती. झोडणीच्या दिवशी घरभर इंद्रायणी भाताचा वास होता, आणि मॅडमच्या वाकड्या ओळीचं भात तात्यांनी वेगळं झोडून एका पिशवीत भरून त्यांना दिलं. त्यांनी ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली. डॉक्टरांनी सांगितलं, आता वर्षातून एकदा येऊन दाखवून जा. तात्या म्हणाले, "आता कशापायी? बरा झालो की." मॅडमनी चिखलाचे बूट धुतले आणि पिशवीत घालून ठेवले.

पुढे मी सोलापूरला बदली करून घेतली. मॅडम निवृत्त होऊन पुण्यात बहिणीकडे राहायला गेल्या. त्यांचं काम त्यांची एक विद्यार्थिनी पुढे चालवते, एवढं कानावर होतं. गेल्या वर्षी परीक्षेच्या कामासाठी पिरंगुटला गेलो होतो. दिवस लावणीचे होते, हातात दुपार मोकळी होती, म्हणून घोटावड्याची एसटी पकडली.

तात्यांची जमीन ओळखू येईना. मोठाली कुंपणं, लोखंडी फाटकं, आत हिरवळ आणि पोहायचे हौद. मुलांनी शहरातल्या लोकांना विकली होती. घरापाशी मात्र एक तुकडा तेवढा तसाच होता, दोन फार्महाउसांच्या भिंतींच्या मधोमध, चिखल केलेला, पाण्याने भरलेला. त्यात एकच बाई वाकून लावणी करत होती. अंगात रेनकोट. बांधावर पांढरे बूट नीट जोडून ठेवलेले, प्लास्टिकच्या पिशवीत.

बांधावरच्या खुर्चीतून तात्या ओरडले, "मास्तर! या या! बगा, सुदारली का वळ?" मिशी परत आली होती, पांढरीशुभ्र.

मी बघितलं. ओळ होती तशीच होती. "नाही," मी म्हणालो.

"तरी म्हनलं! निम्माच दिस!"

"तात्या, या वेळी सोनोग्राफी पण आहे," मॅडम वर न बघता म्हणाल्या. "पूर्ण दिवस धरा."

मी बांधावर उकिडवा बसून विचारलं, "मॅडम, ते औषध कुठवर आलं?"

"उंदरात," त्या म्हणाल्या आणि पुढची मूठ उचलली.

काकूंनी मला चहाला घरात नेलं. मी विचारलं, एवढी जमीन गेली, हा तुकडाच का राहिला? काकू गाळणीतून चहा ओतत म्हणाल्या, "शेजारचा लई मागं लागला व्हता. दुप्पट देतो म्हनला. पोरं तयार झाली. ह्यांनी सही केली न्हाई. म्हनले, त्यो म्याडमचा हाय. त्यो इकला तर मला दवाखान्यात कोन नेईल?"

"आणि मॅडम परत पुण्याला गेल्यावर ती ओळ कोण सरळ करतं?"

"कुनी न्हाई," काकू म्हणाल्या. "माजी सून एकदा कराया गेली व्हती. आंगावर धावले तिच्या."

एसटी वळणावर आली तेव्हा मी मागे बघितलं. दोन उंच भिंतींच्या मध्ये ते खाचर दिसत होतं. मॅडम अजून मध्यावरच होत्या. तात्या खुर्ची सोडून चिखलात उतरले होते आणि त्यांच्या मागे, एका हाताच्या अंतरावर, रोपांच्या मुठी घेऊन उभे होते. ओळ वाकडी जाईल तसे तेही वाकडे सरकत होते.